मैदानावरचा बेणे मळा : ॲन्सन डॉरन्स यांची पंचेचाळीस वर्षे

— ऊस विकास विभागाकडून



आपल्या पत्रिकेत खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त, ठिबकावरील खतांच्या मात्रा असे विषय नेहमी येतात. यावेळचा विषय जरा लांबचा आहे. अमेरिकेतील एका विद्यापीठात मुलींना फुटबॉल शिकविणाऱ्या एका गृहस्थांची ही हकीकत. ऊस विकास खात्याने फुटबॉलवर का लिहावे, असे काही जण म्हणतील. पण आमचे काम तरी दुसरे काय आहे? लागणीची नोंद ठेवायची, चांगले बेणे पुरवायचे, प्लॉट बघत हिंडायचे आणि माणसे जोडायची. हेच काम या गृहस्थांनी मैदानावर पंचेचाळीस वर्षे केले. त्यात त्यांना मोठे यश आले, एक डागही लागला, आणि ते बाजूला झाल्यावर मागे काय उरले हेही जगाला दिसले. संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने आणि घरात मुलगी असलेल्या प्रत्येकाने ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

कोल्हापूर भागातील सभासदांना फुटबॉल समजावून सांगण्याची गरज नाही. इतरांसाठी एवढेच सांगतो, की अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हटले की लांबट चेंडू हातात धरून पळण्याचा खेळ समजतात. आपल्या फुटबॉलला तिकडे ‘सॉकर’ म्हणतात. या लेखात फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल.

जन्म मुंबईचा

या गृहस्थांचे नाव ॲन्सन डॉरन्स. त्यांचा जन्म ९ एप्रिल १९५१ रोजी आपल्या मुंबईत झाला. वडील तेलाच्या व्यवसायात होते, त्यामुळे बदली ठरलेलीच. केनिया, इथिओपिया, सिंगापूर, बेल्जियम, स्वित्झर्लंड अशा देशांत फिरत त्यांचे बालपण गेले. दर वेळी नवी शाळा, नवी भाषा आणि अनोळखी मुले. अशा ठिकाणी ओळख पटकन करून देणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे चेंडू.

पुढे ते अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील चॅपेल हिल येथील विद्यापीठात शिकावयास आले. तेथे संघातून खेळले आणि १९७४ साली इंग्रजी व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन पदवीधर झाले. त्यानंतर कायद्याचा अभ्यास सुरू केला. मात्र त्याच सुमारास विद्यापीठाच्या पुरुष संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले आणि वकिली बाजूला पडली. वकील व्हायला निघालेला माणूस मैदानावर उतरला तो तेथलाच झाला.

कायद्याने दार उघडले

मुलींच्या खेळाची गोष्ट सांगताना १९७२ सालच्या एका कायद्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असा तो कायदा. त्यातील कलमाच्या क्रमांकावरून त्याला ‘टायटल नाइन’ म्हणतात. मुलांना मैदान, संघ आणि शिष्यवृत्ती द्यायची आणि मुलींना फक्त टाळ्या वाजवायला बसवायचे, हे त्यानंतर चालेना.

पण कागदावर कायदा झाला म्हणून मैदानावर लगेच संघ उतरत नाही. पाटाचे पाणी मंजूर झाले तरी चारी काढल्याशिवाय ते शिवारात येत नाही, तसेच हे. चॅपेल हिलला मुलींचा एक हौशी फुटबॉल क्लब होता. या मुलींनी, आम्हाला विद्यापीठाचा अधिकृत संघ म्हणून मान्यता द्या, अशी मागणी केली. विद्यापीठाचे क्रीडा संचालक बिल कोबी यांनी डॉरन्स यांना त्यांचा खेळ पाहण्यास सांगितले. मुलींना मान्यता मिळाली आणि १९७९ साली हा संघ डॉरन्स यांच्या हाती दिला गेला. पुरुषांचा संघही त्यांच्याकडेच होता. १९८८ सालापर्यंत दोन्ही संघ त्यांनी सांभाळले आणि पुढे फक्त मुलींचा संघ ठेवला.

त्या वेळी मुलींच्या फुटबॉलला विचारतो कोण? १९८१ साली महिलांच्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली, ती चॅपेल हिलने जिंकली. १९८२ पासून एन.सी.ए.ए. या मोठ्या संघटनेने मुलींची स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी फक्त १२ संघ होते. आज त्याच स्पर्धेत ६४ संघ उतरतात.

वीस-बावीस विजेतेपदे

पुढचा हिशेब थोडक्यात देतो. १९८२, ८३ आणि ८४ अशी सलग तीन वर्षे विजेतेपद. १९८५ साली अंतिम सामन्यात जॉर्ज मेसन विद्यापीठाकडून २-० असा पराभव. त्यानंतर १९८६ ते १९९४ अशी सलग नऊ वर्षे विजेतेपद. पुढे १९९६, ९७, ९९, २०००, २००३, २००६, २००८, २००९ आणि २०१२. एन.सी.ए.ए.ची २१ आणि १९८१ चे एक धरून एकूण २२. मध्यंतरी एकदा तर हा संघ सलग ९२ सामने जिंकत गेला. एखाद्या सभासदाने वीस-बावीस वेळा एकरी उत्पादनाचा पहिला नंबर काढला, तर आपण त्याचा प्लॉट बघायला गाडी करून जाऊ की नाही? म्हणून आता त्यांचा प्लॉट जरा जवळून बघू.

स्पर्धेची काहील

डॉरन्स यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. सामन्यात समोरच्या संघाविरुद्ध मुली जीव तोडून खेळत, पण सरावात आपल्याच मैत्रिणीला हरवायला बिचकत. मैत्रीण दुखावेल, संघात वाईटपणा येईल, अशी धास्ती असे. लहानपणापासून ‘सांभाळून घे’ हे शिकविलेल्या मुलींचे असे होणारच. आपल्या घरातही वेगळे काय घडते? मुलगा जिंकून आला की शाबासकी, आणि मुलगी इरेला पेटली की ‘फार पुढे पुढे करते’ म्हणायचे.

यावर त्यांनी तोड काढली ती नोंदवहीची. चॅपेल हिललाच डीन स्मिथ नावाचे बास्केटबॉलचे नामांकित प्रशिक्षक होते. त्यांच्या सरावात प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक कामगिरीची नोंद होते, हे डॉरन्स यांनी पाहिले आणि तीच पद्धत आपल्याकडे आणली. एकास एक झुंजीत कोण जिंकले, डोक्याने चेंडू कोणी मारला, गोलावर किती फटके बसले, पळण्यात कोण कुठे राहिले, याची रोज नोंद होई. त्यावरून क्रमवारी लागे आणि ती फलकावर सगळ्यांना दिसेल अशी लावली जाई.

या पद्धतीला त्यांनी जे इंग्रजी नाव दिले, त्याला आपल्या भाषेत ‘स्पर्धेची काहील’ म्हणता येईल. गुऱ्हाळावर बसलेल्या माणसाला हे लगेच कळेल. जाळ लागल्याशिवाय रसातील मळी वर येत नाही आणि मळी काढल्याशिवाय गूळ चांगला पडत नाही. मात्र जाळ किती ठेवायचा हे गुळव्याला कळावे लागते. जास्त झाला तर काहील करपते.

फलकावर नंबर लागल्यामुळे एक मोठा फायदा झाला. मैत्रिणीला हरविणे हा वैयक्तिक वैराचा विषय उरला नाही, तो सरावाचा नियम झाला. आमच्या खात्याला हे चांगले समजते. लागणीच्या तारखेप्रमाणे तोडणीचा क्रम फलकावर लावला, की ‘त्याचा ऊस आधी कसा गेला’ ही कुजबूज निम्म्याने कमी होते. उघडी नोंद माणसांना भांडायला लावते असे वाटते, पण खरे तर लपवलेली नोंदच भांडायला लावते.

नंबराबरोबर माणूस

नुसत्या आकड्यांवर संघ उभा राहिला असता, तर हिशेबनीस सगळ्यात मोठा प्रशिक्षक झाला असता. डॉरन्स यांनी मुले आणि मुली दोघांनाही शिकविले होते आणि दोहोंतील फरक ते आपल्या व्याख्यानांतून व पुस्तकांतून सांगत आले. ते म्हणत, मुलांच्या घोळक्यात ‘कोणीतरी आज ढिला खेळला’ म्हटले, की प्रत्येकाला वाटते हे दुसऱ्याबद्दल आहे. मुलींच्या घोळक्यात तेच वाक्य उच्चारले, की प्रत्येकीला वाटते हे माझ्याबद्दलच आहे. म्हणून मुलींना घोळक्यात झापण्याऐवजी एकेकीला समोर बसवून शांतपणे बोलावे, आपले शब्द ऐकण्याआधी त्या आपला सूर ऐकतात, असे त्यांचे मत. हे सगळ्याच मुलींना लागू पडते असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याच्याशी बोलायचे त्याची रीत आधी ओळखावी, हे तत्त्व खरे आहे.

संघाची आचारसंहिता होती. कुरकुर करायची नाही, कष्टाला मागे सरायचे नाही, एकमेकींची काळजी घ्यायची, अशी काही मूल्ये ठरलेली होती. प्रत्येक मूल्याला जोडून एखाद्या थोर लेखकाचा उतारा असे आणि तो मुलींनी पाठ करायचा असे. कोण ही मूल्ये किती पाळते, याचा शेरा प्रशिक्षकाबरोबर संघातील मैत्रिणीही देत. शेवटच्या वर्षाच्या मुली निघावयाच्या वेळी डॉरन्स प्रत्येकीला पत्र लिहीत. त्यात गोल किती केले याची यादी नसे, ती माणूस म्हणून कशी आहे आणि संघाला तिने काय दिले, हे लिहिलेले असे.

खेळाची पद्धतही अशीच धाडसाची होती. बहुतेक संघ मागे चार खेळाडू ठेवतात. डॉरन्स मागे तीनच ठेवीत, पुढे हल्ल्याला तीन, आणि चेंडू गेला की तिथल्या तिथे सगळ्यांनी तुटून पडायचे. अमेरिकेच्या महाविद्यालयीन नियमांप्रमाणे बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो. त्याचा लाभ घेऊन ते ताज्या दमाच्या मुली सारख्या बदलत राहत. समोरच्याला श्वास घ्यायला उसंतच नाही.

चीनमध्ये विश्वचषक

१९८६ साली अमेरिकेच्या महिला राष्ट्रीय संघाचीही जबाबदारी डॉरन्स यांच्याकडे आली. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे कोवळ्या मुली निवडल्या. १९८७ साली चीनविरुद्धच्या सामन्यात त्यांनी मिया हॅम या अवघ्या १५ वर्षांच्या मुलीला उतरविले. त्याच वर्षी १६ वर्षांची क्रिस्टीन लिली संघात आली. लोकांनी नावे ठेवली असतील नसतील, पण पुढे काय झाले ते बघा. मिया हॅम जगातील सर्वात प्रसिद्ध महिला फुटबॉलपटू झाली, आणि क्रिस्टीन लिली देशाकडून ३५४ सामने खेळली. पुरुष असो वा स्त्री, इतके आंतरराष्ट्रीय सामने दुसरे कोणीही खेळलेले नाही. दोघीही चॅपेल हिलच्याच विद्यार्थिनी.

नोव्हेंबर १९९१ मध्ये चीन देशात महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. त्या वेळी महिलांचा सामना ९० ऐवजी ८० मिनिटांचा ठेवला होता. बायकांना पूर्ण वेळ झेपेल की नाही, अशी शंका तेव्हाच्या कारभाऱ्यांना होती! अमेरिकेने स्वीडन, ब्राझील आणि जपान यांना हरविले, उपांत्यपूर्व फेरीत तैवानच्या संघाला ७-० आणि उपांत्य फेरीत जर्मनीला ५-२ असे नमविले. ३० नोव्हेंबर रोजी ग्वांगझौ शहरात नॉर्वेविरुद्ध अंतिम सामना झाला. १-१ अशी बरोबरी असताना शेवटची दोन-तीन मिनिटे उरली, तेव्हा मिशेल एकर्स हिने दुसरा गोल केला आणि अमेरिका २-१ अशी जिंकली. दोन्ही गोल तिचेच, आणि स्पर्धेतील तिचे गोल दहा. कर्णधार होती एप्रिल हाइनरिक्स, तीही चॅपेल हिलचीच.

१९९४ साली डॉरन्स यांनी राष्ट्रीय संघ सोडला. त्यांनी आणलेल्या मुली मात्र पुढे १९९६ चे ऑलिंपिक सुवर्ण आणि १९९९ चा विश्वचषक जिंकून आल्या. १९९९ च्या अंतिम सामन्याला कॅलिफोर्नियात ९०,१८५ प्रेक्षक होते. आठ वर्षांपूर्वी ज्यांना पूर्ण वेळ झेपेल का अशी शंका होती, त्यांना बघायला ही गर्दी.

मिया हॅमबद्दलची एक गोष्ट तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे. एके दिवशी सकाळी डॉरन्स गाडीतून जात असता त्यांना ती मैदानावर एकटीच पळताना दिसली. बरोबर कोणी नाही, शिट्टी वाजविणारे नाही, बघणारेही नाही. घामाने निथळत, वाकून दम घेत, पुन्हा पळत होती. त्यांनी तिला हाकही मारली नाही. नंतर चिठ्ठी लिहून कळविले, की खरा विजेता असा असतो. पुढे त्या ओळींवरूनच त्यांच्या एका पुस्तकाचे नाव पडले. पहाटे तीनला लाईट येते म्हणून बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला जाणारा आमचा सभासद, त्यालाही बघणारे कोणी नसते. त्याला ही गोष्ट अधिक सांगावी लागणार नाही.

दुसरी बाजू

आता जे लिहितो ते वगळले असते, तर लेख गोड झाला असता पण खरा झाला नसता.

१९९८ साली दोन माजी खेळाडूंनी डॉरन्स आणि विद्यापीठ यांच्याविरुद्ध न्यायालयात दावा लावला. संघात मुलींच्या खाजगी जीवनाविषयी, शरीरसंबंधांविषयी बोलणी होत आणि प्रशिक्षक त्यात भाग घेत, अशी तक्रार होती. डॉरन्स यांनी छळाचा आरोप नाकारला. अनेक माजी खेळाडू त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. दावा दहा वर्षे चालला. एका खेळाडूशी २००४ साली तडजोड झाली. दुसरीच्या बाबतीत, हे प्रकरण ज्यूरीपुढे चालण्याजोगे आहे, असा निर्णय अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २००७ साली दिला. जानेवारी २००८ मध्ये तिच्याशीही तडजोड झाली. विद्यापीठाने ३ लाख ८५ हजार डॉलर दिले, आणि आपण अयोग्य बोलण्यात सहभागी झालो याबद्दल डॉरन्स यांनी पत्र लिहून क्षमा मागितली. याबाबतचे आपले नियम तपासून घेण्याचेही विद्यापीठाने कबूल केले.

कोणी म्हणेल, थट्टामस्करी होती, एवढे काय? पण विचार करा. संघात घ्यायचे की नाही, सामन्यात खेळवायचे की बसवायचे, पुढे देशाच्या संघात जायचे की नाही, हे ज्या एका माणसाच्या हातात आहे, त्याने केलेली थट्टा आवडली नाही हे अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी कोणत्या तोंडाने सांगणार? ती हसते, कारण न हसण्याची किंमत तिला माहीत असते. बोलणाऱ्याच्या मनात काय होते यापेक्षा ऐकणारीला उठून जाता येत होते का, हा प्रश्न महत्त्वाचा. वर आम्ही लिहिले की प्रत्येकीला समोर बसवून माणूस म्हणून ओळखणे ही त्यांची ताकद होती. तीच जवळीक मर्यादा सोडून गेली, तेव्हा तिचा काच झाला. एकाच विहिरीचे पाणी पिकाला जीवदान देते आणि जास्त झाले की जमीन खारवटते.

शाळा असो, कारखान्याचे खाते असो, ऊसतोडीची टोळी असो, ज्याच्या हाती दुसऱ्याचा हजेरीपट आहे त्या प्रत्येकाला हे लागू आहे. आपल्या देशात २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक ठिकाणी महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. ती समिती केवळ फलकावर नावे लावण्यापुरती नसावी, एवढेच आमचे सांगणे.

खोडवा

२०१२ नंतर डॉरन्स यांना विजेतेपद मिळाले नाही. २०१८, २०१९ आणि २०२२ अशा तीन वेळा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि हरला. २०२२ साली तर २-० अशी आघाडी असताना लॉस एंजेलिसच्या संघाने जादा वेळेत ३-२ असे हरविले. याचे कारण उघड आहे. इतर विद्यापीठे तयार झाली होती. बेणे मळ्यातील बेणे शिवारभर गेले, की मग मळ्याचाच ऊस सगळ्यात उंच दिसेल असे थोडेच असते? एप्रिल हाइनरिक्सचेच बघा. ती पुढे स्वतः राष्ट्रीय संघाची प्रशिक्षक झाली आणि २००४ साली अथेन्सला ऑलिंपिक सुवर्ण जिंकून आली. मूलभूत बेण्यापासून पायाभूत, पायाभूतपासून प्रमाणित, अशी ही साखळी.

ऑगस्ट २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, वयाच्या ७३ व्या वर्षी डॉरन्स निवृत्त झाले. संघ त्यांचे सहायक डेमन नाहास यांच्याकडे हंगामी म्हणून सोपविला. संस्थापक गेला, आता मळा वाळणार, असे वाटण्याची ती वेळ. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चॅपेल हिलच्या मुलींनी अंतिम सामन्यात वेक फॉरेस्ट विद्यापीठाला १-० असे हरवून बारा वर्षांनी पुन्हा विजेतेपद मिळविले. नाहास पुढे कायम झाले.

आम्हाला या साऱ्या हकीकतीत हे विजेतेपद सर्वात मोठे वाटते, आणि ते डॉरन्स यांच्या नावावर नाही. लागणीच्या उसाचे कौतुक सगळेच करतात. पण शेतकऱ्याची खरी पारख खोडव्यात होते. बुडखे जमिनीलगत छाटले का, पाचट जाळले की ठेवले, नांग्या भरल्या का, मुळीला खत वेळेवर दिले का, हे सगळे खोडवा सांगतो. तसेच माणूस खुर्चीवरून उठल्यावर संस्था काय सांगते, ते ऐकावे.

आपण काय घ्यावे

ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक आपल्या देशात झाला. सामने भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे झाले, आणि अंतिम सामना नवी मुंबईतच. म्हणजे हा खेळ आपल्या दाराशी येऊन गेला आहे. आपल्या गावच्या शाळेत मुली पळतात, कबड्डी, खो-खो खेळतात. दहावीनंतर त्यातल्या किती मैदानावर उरतात, ते ज्याने त्याने आपल्या वाडीवस्तीवर मोजून बघावे. बूट नाहीत, सायंकाळी घरी येण्याची सोय नाही, शिकविणारे विश्वासाचे माणूस नाही, अशी कारणे साधी असतात आणि तोडगाही साधाच असतो.

सभासदांना आमची विनंती एवढीच. मुलगी खेळायचे म्हणाली तर तिला हौस म्हणून नव्हे, हक्क म्हणून पाठवा. जिंकायची ईर्षा धरली तर नावे ठेवू नका. तिला शिकविणाऱ्याची नोंद उघडी आहे का, आणि वागणूक स्वच्छ आहे का, हे दोन्ही बघा. आणि घरी आल्यावर जिंकली की हरली हे विचारण्याआधी, आज कशी खेळलीस आणि तिथे बरे वाटते ना, एवढे जरूर विचारा.

जय सहकार!